राँग साइडची चाळीस पावलं

९ सप्टेंबर, मंगळवार

सिटी सेंटरला वकीलबाईंकडे. लिफ्ट बंद, तिसरा मजला. माझा हात मोडलाय, पाय नाही, त्यामुळे तक्रारीला वाव नाही.

भदौरिया मॅडमनी टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. एक, अप्पांनी (माझे सासरे) अपघातानंतर माझ्या नावानं ठाण्यात दिलेला अर्ज. दुसरा, पोलिसांनी जागेवर काढलेला नकाशा. मध्ये डिव्हायडर, एका बाजूला मिठाईचं दुकान, दुकानासमोर फुली. ती फुली म्हणजे मी.

"आवेदन में लिखा है, आप अपनी बाईं ओर चल रही थीं. तो फिर मिठाई की दुकान वाली साइड पहुँचीं कैसे?"

मी पंख्याकडे बघत बसले. मग म्हणाले, घरी विचारून सांगते.

घरी विचारून! स्कूटी मी चालवत होते की घर?

शपथपत्र दिवाळीच्या आधी द्यायचंय. त्यात जे लिहिलं जाईल ते माझं. मॅडम म्हणाल्या, "मैं कुछ सिखाऊँगी नहीं." चांगली बाई आहे. थोडं शिकवलं असतं तर बरं झालं असतं, असंही वाटलं.

१० सप्टेंबर

ही वही कुणी उघडत नाही, म्हणून इथं लिहून टाकते. अक्षर असंच येणार. पेन पहिल्या दोन बोटांत धरावं लागतं, उजव्या अंगठ्याला काही पकडता येत नाही.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. धुकं. सात वाजायला दहा कमी. लॅबसाठी चार घरांचं रक्त घेऊन झालं होतं, नळ्या बर्फाच्या डब्यात. पाचवं घर शिंदे की छावनीत, तोमर अंकल. शुगरवाले. मी येईपर्यंत चाय घेत नाहीत, खिडकीत बसून राहतात. मी सातची वेळ दिलेली, आणि बावीस वर्षांत माझे सातचे सव्वासात झाले नाहीत. त्यांची गल्ली रस्त्याच्या पलीकडे. डिव्हायडर जिथं फुटतो ती जागा पार पुढे, तिथून वळून परत यायचं. सगळेच काय करतात? अलीकडच्या फटीतून पलीकडे घुसतात आणि गल्लीपर्यंत राँग साइडनं जातात. मीही गेले. रोज जायची.

पांढरी गाडी मिठाईच्या दुकानाशी तोंड करून उभी होती. गाडीवाला मुलगा बेडई पुरी आणि जिलेबी घेऊन आत बसला, आणि मागं न बघता, हॉर्न न देता सरळ मागं आला. मागचे दिवे लागलेले दिसले. मग एकदम मी खाली.

तर हे असं आहे. तो मागं न बघता आला, ही त्याची चूक. मी तिथं असायलाच नको होते, ही माझी.

१८ सप्टेंबर

अप्पांना आज सरळ विचारलं, "अप्पा, अर्जात तुम्ही डावी बाजू कुठून आणलीत?"

अप्पा ब्याऐंशीचे. कलेक्टर कचेरीतून निवृत्त. त्यांचे आजे-पणजे शिंदे सरकारच्या दफ्तरात लिहिणारे, ते बिरुद घरात अजून दुधाच्या भांड्यासारखं जपलं जातं. अर्ज लिहून घ्यायला सबंध मोहल्ला अजून अप्पांकडे येतो. नळाला पाणी नाही, पेन्शन अडकली, शेजाऱ्याचा कुत्रा. प्रत्येक अर्जाची नक्कल त्यांच्याकडे असते. माझ्या अर्जाची काढून दाखवली. काय अक्षर! मोत्याचा दाणा.

"त्यात आणायचं काय? अर्जदार डाव्या बाजूनेच असतो, सूनबाई."

"म्हणजे?"

"मायनाच आहे तो. 'प्रार्थिया अपनी बाईं ओर से सावधानीपूर्वक जा रही थी, तभी उक्त वाहन के चालक ने तेज गति एवं लापरवाही से...' आजवर असे कितीतरी लिहिले मी."

रिव्हर्समध्ये तेज गती! आणि पुढं 'प्रार्थिया लहूलुहान हो गई'. मी हसायलाच लागले. माझा एक थेंब सांडला नव्हता. डबा फुटून चार पेशंटांचं रक्त रस्त्यावर सांडलं होतं, तेच बघून दुकानवाले ओरडत होते. त्या चौघांना दुसऱ्या दिवशी पुन्हा टोचून घ्यावं लागलं, ते कुठल्याच अर्जात नाही.

मी म्हटलं, "आणि अर्जदार डाव्या बाजूला नसला तर?"

अप्पांनी चष्म्यावरून बघितलं. "नव्हतीस?"

तेवढ्यात माझी लेक ईशा कॉलेजमधून आली आणि मी पोळ्यांकडे वळले. एकोणीस वर्षांची पोर घरात आली म्हणून मी पळ काढला. मोठी सत्यवचनी.

२५ सप्टेंबर, गुरुवार

सुहासला सांगितलं. नवरा म्हणून चिडायचा हक्क होता, पण तो चिडला नाही. त्यानं तोड काढली, ते जास्त वाईट. म्हणे, "तू स्कूटी बंद करून ढकलत रस्ता क्रॉस करत होतीस. पायी चालणाऱ्याला कसली आलीय साइड? नकाशाशीही जुळतं, अप्पांच्या अर्जाशीही जुळतं."

खरंच जुळतं. नऊ महिन्यांत मला सुचलं नव्हतं, त्याला पाच मिनिटांत सुचलं.

मी म्हटलं, शपथ घ्यायची आहे. तो म्हणाला, "ऑपरेशन झालं तर अंगठा हलेल असं डॉक्टर म्हणाले ना? ते क्लेममधूनच होणार, दुसरीकडून नाही. खरं बोलून हलणार आहे का अंगठा?"

याचं उत्तर दिवसभर शोधलं. बावीस वर्षं माझ्या बोटांनी कातडीखालची शीर डोळे मिटून शोधली आहे. छोट्या मुलांची, केमोवाल्यांची, जिथं दुसरे हात टेकतात तिथं मला बोलावायचे. तो अंगठा मला परत हवा आहे. फार हवा आहे. हे काही साधं दुखणं नाही, माझं सगळं कसब त्यात होतं.

ईशा मात्र बापावर उखडली. "बाबा, तुम्ही तिला झूठ बोलायला सांगताय, और वो भी कोर्ट में? आणि वकिलांच्या क्रॉसमध्ये पकडली गई तो?" मग माझ्याकडे वळून, "आई, पण तू राँग साइड गेलीच का यार?"

हाच प्रश्न. अंकल चायसाठी खोळंबले होते, हे उत्तर ऐकायला किती फुसकं वाटतं.

३ ऑक्टोबर

काल दसरा झाला. आज सकाळी अप्पा बूट घालून तयार. "चल, मला ती जागा दाखव." मी सगळं सांगून टाकलंय त्यांना परवा, नवमीच्या दिवशी.

ऑटोनं छावनीत गेलो. डिव्हायडरच्या फटीपासून मिठाईच्या दुकानापर्यंत ते स्वतः चालले, काठी टेकत, मोजत. समोरून येणारे स्कूटरवाले शिव्या देत होते. एक जण म्हणाला, "बाबा, मरना है क्या, राँग साइड चल रहे हो!" अप्पांनी त्याला हात जोडले.

चाळीस पावलं भरली. म्हाताऱ्याची चाळीस, म्हणजे तशी कमीच. पण ते म्हणाले चाळीस, तर चाळीस.

मिठाईवाल्यानं ओळखलं. "अरे दीदी! आपका तो कितना खून बहा था." मी म्हटलं, भैया, वो मेरा नहीं था. तो विश्वास ठेवेना. त्यानं डोळ्यांनी बघितलंय म्हणे. पोलिसांनाही त्यानं तसंच सांगितलंय.

परतताना अप्पा एवढंच बोलले, "माझ्या अर्जात आजवर खाडाखोड झालेली नाही." मला वाईट वाटलं. आणि रागही आला. अंगठा माझा, आणि यांना अर्जाची काळजी.

११ ऑक्टोबर, शनिवार

मॅडमनी पुन्हा नीट समजावलं. कायद्यात आधी चूक कुणाची ते ठरतं, मग भरपाई. गाडीवाल्याची चूक मी सिद्ध करायची. त्यात माझी जेवढी निघेल तेवढं कापणार. जजसाहेबांना वाटलं की सगळी माझीच, तर हाती शून्य. दुसरा एक रस्ता आहे, त्यात चूक कुणाची हे विचारत नाहीत, पण बांधलेलं थोडंसं मिळतं आणि मग पुढं काही मागता येत नाही. "उसमें आपका ऑपरेशन नहीं निकलेगा."

"और सच लिखूँ तो?"

"तो आधा भी जा सकता है, ज्यादा भी. और वो पूछेंगे, पहले झूठ क्यों लिखा. सोच लीजिए."

मी पिशवीतून अप्पांचा कागद काढला. काल दुपारभर बसून त्यांनी शपथपत्राचा मसुदा लिहिला होता, न मागता. पहिलंच वाक्य, त्याच मोत्याच्या अक्षरात: 'यह कि शपथकर्ता दुर्घटना के समय लगभग चालीस कदम विपरीत दिशा से जा रही थी.' खाली: 'यह कि आवेदन में बाईं ओर का कथन लेखक ने बिना पूछे लिखा.'

मॅडमनी दोनदा वाचलं. ते वाक्य पहिल्या जागेवरून उचलून सहाव्या परिच्छेदात नेलं. म्हणाल्या, "सच है तो छठे में भी सच ही रहेगा." रिव्हर्सची गोष्ट वर आणली. हुशार आहे.

सही केली. उजव्या हातानं, वेडीवाकडी. नोटरी म्हणाला, मैडम, आराम से.

२१ ऑक्टोबर

दिवाळी. चकल्या ईशानं पाडल्या, माझ्याच्यानं सोऱ्या दाबवत नाही. सुहास माझ्याशी बोलतो, पण 'मीठ दे' इतपतच. त्याचंही बरोबर आहे. रोज सकाळी माझी वेणी तोच घालतो, आणि ती सैल घालतो.

४ नोव्हेंबर

पाटणकर बाजारातल्या लॅबनं बसून करायचं काम दिलंय. नळ्यांवर नावं चिकटवायची, रिपोर्ट द्यायचे. माझी घरं आता सपना नावाची नवी मुलगी करते. तोमर अंकलांचा हात आज काळानिळा झालेला, रिपोर्ट न्यायला आले तेव्हा दाखवला. "बिटिया अच्छी है, पर तुम्हारी बात अलग थी." मला आनंद झाला. दुसऱ्याच्या काळ्यानिळ्या हातावर आनंद. देवा, हे पण लिहून ठेवते.

दुपारी काम नव्हतं. शिकाऊ मुलांसाठी ठेवलेली रबराची नळी टेबलाला बांधली आणि सुई डाव्या हातात धरून बघितली. सुई तिसरीकडेच. सपना हसली, मीही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

कोर्टात तारीख. विमा कंपनीचे वकील आले नाहीत, पुढची तारीख. तीन तास बाकावर.

गाडीवाला मुलगा बाहेर भेटला. वाकून नमस्कार. "आंटी, हाथ कैसा है?" त्या दिवशी हॉस्पिटलात यानंच नेलं होतं, त्याच गाडीतून. रस्ताभर रडत होता. आणि मी त्याला म्हणत होते, रो मत बेटा. आता आम्ही एकमेकांविरुद्ध आहोत. त्यानं जबाबात लिहिलंय की मी समोरून भरधाव आले. भरधाव! माझी स्कूटी डबा असताना चाळीसच्या वर कधी गेली नाही. म्हणजे त्याच्याही घरी कुणीतरी अप्पा असणार.

१५ डिसेंबर

रोज दुपारी अर्धा तास रबराची नळी. डावा हात. चिडायला होतं, पण सुटत नाही. दहात सहा वेळा आत जाते. रबराला दुखत नाही, ही त्यातली सोय. घरी कुणाला सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं आहे काय त्यात?

१३ जानेवारी, मंगळवार

आज उलटतपासणी झाली. आजचं आजच लिहिते.

कंपनीचे वकील म्हातारे, गोड बोलणारे. अप्पा मागच्या बाकावर, कोट घालून. नको म्हटलं तरी आले.

"तो आपका थाने वाला आवेदन झूठा था?"

"एक बात गलत थी उसमें."

"लिखा किसने?"

"ससुरजी ने. दस्तखत मेरे हैं."

"आपने पढ़ा नहीं था?"

इथं मला पळवाट होती. हॉस्पिटलात होते, प्लास्टर ओलं होतं, औषधाची गुंगी होती. नाही वाचला म्हटलं असतं तर कुणी काही म्हणालं नसतं. मॅडमही बघत होत्या माझ्याकडे, की म्हण.

मी म्हटलं, "पढ़ा था. अच्छा लगा था."

वकिलांनी हातातला कागद उलटला. मग म्हणाले, "यानी आप सही साइड होतीं, तो ये दुर्घटना होती ही नहीं?"

"मेरी नहीं होती. वो तो बिना देखे पीछे आ ही रहे थे. मेरी जगह कोई पैदल होता, कोई बच्चा होता."

जजसाहेबांनी मान वर केली. टाइप करणाऱ्यानं ते घेतलं की नाही, ठाऊक नाही. वेळ संपली. कामाबद्दलचे प्रश्न राहिले, ते १६ फेब्रुवारीला. बाहेर आल्यावर मॅडम म्हणाल्या, "आपने मेरा केस बिगाड़ा कि बनाया, मुझे खुद नहीं पता."

१४ जानेवारी

अप्पा आज तिळगूळ देताना म्हणाले, "तू 'दस्तखत मेरे' म्हणालीस. अक्षर तर माझं होतं." मी वाकून पाया पडले. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, दर सणाला पडते, पण आज मनापासून पडले. या माणसावर माझी इतकी माया आहे हे मला माहीत नव्हतं.

दुपारी शेजारचे राजावतजी आले, मुलाच्या मारामारीचा अर्ज लिहून द्या म्हणून. अप्पांनी कागद बाजूला सारला. "पहले सब बताओ. पहले थप्पड़ किसने मारा?" राजावतजी उठून गेले. सुहास म्हणाला, झालं, अप्पांचं दुकान बंद. आणि हसला. कितीतरी महिन्यांनी.

२ फेब्रुवारी, सोमवार

अप्पांच्या शुगरचा दिवस. सपनाचा फोन, गाडी बंद पडलीय, दहाच्या आधी येत नाही. अप्पा उपाशी, चहाचं दोनदा विचारून झालं. मी पट्टा आणि सुई काढून ठेवली होती, सपना आली की तिचा वेळ वाचेल म्हणून. निदान मी स्वतःला तसं सांगितलं.

अप्पांनी बाही वर केली. "घरात माणूस असताना बाहेरच्याची वाट कशाला बघायची?"

"अप्पा, उजव्यानं नाही होत."

"मग डाव्यानं कर. ईशा म्हणाली तू लॅबमध्ये करतेस ते." म्हणजे सपनानं ईशाला सांगितलंय. या गावात काही लपत नाही.

पट्टा दातांनी ओढून बांधला. शीर बघितली, बोटानं दाबली. पहिल्यांदा सुई कडेनं गेली. अप्पांनी डोळे मिटले, हात हलवला नाही. काढली. पुन्हा. यावेळी आत जाताना तो एवढासा ढिला झटका बोटाला कळला. तोच, बावीस वर्षांचा. पण दुसऱ्या हाताला. नळीत रक्त आलं आणि चढत गेलं. मी रडले. सगळ्यांसमोर.

दारात सुहास उभा. माझ्या आधी त्याच्या लक्षात आलं. "सोळा तारखेला ते हेच विचारणार. आता तुम्ही रक्त काढू शकता का म्हणून. डॉक्टरांच्या सर्टिफिकेटात लिहिलंय, हे काम होणार नाही. तू हो म्हणालीस की ऑपरेशन गेलं." मग हळू आवाजात, "एकदा जमलं म्हणजे जमलं असं नसतं. फक्त एवढंच म्हणतोय मी."

या वेळी तो तोड काढत नव्हता. खरंच तसं असतं. पहिलं चुकलं, दुसरं जमलं. यातलं खरं कोणतं? उजवा अंगठा मेलेला आहे, हे खरं. नळी भरली, हेही खरं. पेशंटच्या घरी, रडणाऱ्या मुलाच्या हातावर जमेल का, ते मलाच माहीत नाही, मग कोर्टाला काय सांगू?

अप्पांनी कापूस दाबून धरला होता. "काय सांगणार आहेस त्यांना?"

मी नळीवर नाव लिहिलं, वेळ लिहिली. म्हटलं, "आणखी एकदा करून बघितल्याशिवाय मला कळणार नाही."

अप्पांनी दुसऱ्या हाताची बाही वर केली.